साऊंड सिस्टीमला कोणती केबल लावायची, याचं उत्तर ग्रॅहम बेल १८८१ मध्येच देऊन गेलाय

नवा अँप्लिफायर घरी आला की त्याच्या पाठीमागे दोन प्रकारचे सॉकेट दिसतात. एक छोटा, गोल, लाल-पांढऱ्या रंगाचा. त्यात आपली नेहमीची आरसीए पिन बसते. दुसरा मोठा, तीन पिनांचा, गाण्याच्या कार्यक्रमात माईकच्या वायरला असतो तसा. त्याला एक्सएलआर म्हणतात.

पहिला अनबॅलन्स्ड, दुसरा बॅलन्स्ड.

मग कुणीतरी सांगतं, बॅलन्स्डच घे, स्टुडिओत तेच वापरतात. दुसरा म्हणतो, काही फरक पडत नाही, पैसे वाचव. दोघंही ठामपणे बोलतात आणि विकत घेणारा गोंधळून जातो.

या गोंधळाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोन त्याने शोधला हे शाळेत शिकवलं जातं. पण टेलिफोनमधली खरखर घालवण्यासाठी त्याने काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. आपल्या बॅलन्स्ड केबलचा जन्म त्याच खटपटीत आहे.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. घरात आवाज हाच धंदा होता. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल उच्चारशास्त्राचे शिक्षक. तोंडातून निघणारा प्रत्येक ध्वनी कागदावर चिन्हांनी लिहिता यावा, अशी एक लिपी त्यांनी तयार केली होती.

आणि अशा या घरात आईला नीट ऐकू येत नव्हतं.

आई एलायझा पियानो उत्तम वाजवायची. इतर लोक तिच्याशी बोलताना कानाला लावायच्या नळीत ओरडायचे. लहानग्या बेलने वेगळीच युक्ती काढली. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलायचा. त्याचं बोलणं कंपनांतून तिच्यापर्यंत पोहोचतं, असं त्याला वाटायचं. आवाज म्हणजे कंपन, आणि कंपन एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येतं, हे त्याला पुस्तकाच्या आधी घरातच कळलं.

मग घरावर आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला. मोठा भाऊ मेलव्हिल १८७० मध्ये त्याच रोगाने गेला. उरलेल्या एकुलत्या मुलाची तब्येतही ढासळत होती. आईवडिलांनी गाशा गुंडाळला आणि त्याच वर्षी कॅनडात ब्रँटफर्ड इथे बिऱ्हाड हलवलं. मोकळ्या हवेत पोरगा सुधारला.

१८७१ मध्ये तो अमेरिकेत बोस्टनला गेला आणि कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागला. तिथेच त्याच्याकडे मेबल हबर्ड शिकायला आली. पाच वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं होतं. पुढे तीच त्याची बायको झाली. म्हणजे ज्याने जगाला दूरचा आवाज ऐकवला, त्याची आई आणि बायको या दोघींना तो आवाज ऐकूच येणार नव्हता.

मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड यांनी बेलच्या प्रयोगांना पैसा पुरवला. थॉमस वॉटसन हा हाताचा कसबी मेकॅनिक मदतीला मिळाला. ७ मार्च १८७६ ला टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि १० मार्चला बेलचं बोलणं तारेतून शेजारच्या खोलीत वॉटसनला स्पष्ट ऐकू आलं. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी एलिशा ग्रे याचेही कागद पेटंट ऑफिसात आले होते. त्यावरून पुढे बराच वाद रंगला, शेकडो खटले झाले, पण कोर्टात बेलच टिकला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. केबलची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. त्याशिवाय सर्किट पूर्ण होत नाही. टेलिग्राफवाल्यांनी यात काटकसर केली होती. जाताना लोखंडी तार आणि परत येताना चक्क जमीन. दोन्ही टोकांना तार जमिनीत पुरली की काम झालं. निम्मी तार वाचली. टेलिग्राफला ते चालून जायचं, कारण तिथे फक्त कडकट्ट वाजलं की नाही एवढंच बघायचं होतं.

टेलिफोनही त्याच पद्धतीने जोडला गेला. आणि लोकांनी कानाला लावला तर आत बोलणं कमी आणि गोंगाट जास्त.

टेलिफोन हे यंत्र भलतंच नाजूक कानाचं निघालं. शेजारच्या खांबावरून टेलिग्राफची तार गेली असेल तर तिची टकटक यात ऐकू यायची. शेजारच्या टेलिफोन लाईनवरचं बोलणं झिरपायचं. ढगात वीज चमकली तर कडकड. पुढे शहरांत विजेचे दिवे आणि विजेवरच्या ट्राम आल्या, तेव्हा तर परिस्थिती आणखी बिघडली. ट्रामची वीज रुळांतून जमिनीत उतरायची, आणि टेलिफोनची परतीची वाटही तीच जमीन.

जुलै १८७७ मध्ये बेल आणि मेबलचं लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये दोघं इंग्लंडला गेली. तिथे त्याने ठिकठिकाणी टेलिफोन दाखवला. जानेवारी १८७८ मध्ये व्हिक्टोरिया राणीलाही दाखवला. पण त्याचवेळी डोक्यात हा गोंगाट घोळत होता. शेजारच्या तारेतून येणारा उपद्रव कसा मारायचा, यावर त्याने तिथे प्रयोग सुरू केले.

उत्तर तराजूसारखं साधं होतं.

वाऱ्याने तराजूच्या एकाच पारड्यात धूळ पडली तर काटा हलतो. दोन्ही पारड्यांत सारखीच पडली तर काटा जागचा हलत नाही. बेलने तेच तारेला लावलं. जमिनीची वाट सोडून द्यायची आणि परतीलाही तारच वापरायची. दोन्ही तारा शेजारी शेजारी. बाहेरचा उपद्रव दोन्हींवर सारखाच पडेल. टेलिफोन फक्त दोन तारांमधला फरक ऐकतो. सारख्यातून सारखं गेलं की उरतं शून्य. बोलणं मात्र एका तारेतून जातं आणि दुसरीतून परत येतं, त्यामुळे त्याचा फरक शाबूत राहतो.

पण एक तार उपद्रवाच्या जवळ आणि दुसरी लांब असली तर धूळ सारखी कशी पडणार? म्हणून त्या दोन तारांना सुतळीसारखा पीळ घालायचा. एकदा ही जवळ, एकदा ती जवळ. सरासरीत दोघी सारख्याच अंतरावर.

१९ जुलै १८८१ रोजी अमेरिकेत बेलला याचं पेटंट मिळालं. क्रमांक २,४४,४२६. आज ऑफिसमधल्या इंटरनेटच्या लॅन केबलमध्ये ज्या पीळदार जोड्या असतात आणि एक्सएलआर केबलमध्ये जी दोन तारांची जोडी असते, ती याच कल्पनेची वारसदार.

या पेटंटच्या तारखेच्या आसपासच बेल एका वेगळ्याच लढाईत गुंतला होता.

२ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. एक गोळी शरीरात अडकली. ती कुठे आहे ते कळेना. एक्स-रेचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर न धुतलेली बोटं आणि सळ्या जखमेत घालून चाचपडत होते.

बेलला इंग्लंडमधले प्रयोग आठवले. तारांमधला उपद्रव मारण्यासाठी त्याने वेटोळी एकमेकांसमोर अशी मांडली होती की दोन्हींचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकेल आणि टेलिफोन गप्प राहील. त्या गप्प सर्किटजवळ धातूचा तुकडा आणला की तोल बिघडायचा आणि आवाज यायचा. मग गोळी हासुद्धा धातूच नाही का?

वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी रात्रंदिवस खपून यंत्र उभं केलं. आजच्या मेटल डिटेक्टरचा तो पूर्वज. अंगात गोळ्या राहिलेल्या जुन्या सैनिकांवर त्याने ते तपासलं आणि यंत्र चाललं.

२६ जुलैला व्हाईट हाऊसमध्ये पहिला प्रयत्न झाला. कानात नुसती फडफड. नंतर कळलं की यंत्राचा एक भाग घाईत चुकीचा जोडला गेला होता. १ ऑगस्टला पुन्हा प्रयत्न. यावेळी मंद आवाज आला, पण एका जागी नाही, बऱ्याच मोठ्या भागावर. नंतर समजलं की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, म्हणून शोध उजवीकडेच घेतला गेला.

१९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली.

यंत्र चुकीचं नव्हतं. ते ज्या परिस्थितीत वापरलं गेलं ती चुकीची होती.

याच धावपळीच्या उन्हाळ्यात, १५ ऑगस्टला, मेबल दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगा झाला, एडवर्ड. त्याला श्वास घेणं जमलं नाही आणि काही तासांतच तो गेला. बेलने त्या दुःखातून बाहेरून श्वास देणारं एक जाकीट तयार केलं. पुढे आलेल्या आयर्न लंग नावाच्या यंत्राची ती सुरुवातीची पायरी मानली जाते. १८८३ मध्ये दुसरा मुलगा रॉबर्ट, तोही तान्हेपणीच गेला. एल्सी आणि मॅरियन या दोन मुली तेवढ्या वाढल्या.

आता प्रश्न असा पडतो की दोन तारांचा उपाय इतका चांगला होता, तर सगळीकडे लगेच का लागला नाही?

उत्तर आहे पैसा. दोन तारा म्हणजे दुप्पट खर्च. गावातल्या गावात, जवळच्या अंतरावर, आजूबाजूला विजेची फार वर्दळ नसेल तर एका तारेवर काम भागत होतं. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत तर एक तार आणि जमीन हीच पद्धत पुढची कित्येक वर्षं चालली. पण मोठ्या शहरांत ट्राम आल्या आणि दोन शहरं जोडायची वेळ आली तेव्हा कंपन्यांना दुसरी तार टाकावीच लागली. खांबांवरच्या उघड्या तारांना पीळ घालता येत नव्हता, म्हणून ठराविक अंतरावर त्यांच्या जागा आपसात बदलत नेल्या जायच्या.

ऑक्टोबर १८९२ मध्ये न्यूयॉर्क ते शिकागो लाईन सुरू झाली तेव्हा पहिला फोन करायला बेललाच बोलावलं होतं. २५ जानेवारी १९१५ ला तो न्यूयॉर्कमधून बोलला आणि वॉटसनने सुमारे साडेपाच हजार किलोमीटर लांब सॅन फ्रान्सिस्कोत ऐकलं. शेजारच्या खोलीपासून सुरू झालेली जोडी खंडाच्या दोन टोकांना पोहोचली होती.

दरम्यान दुसरा मार्गही तयार होत होता. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड या माणसाने एका तारेभोवती दुसऱ्या वाहकाची नळी, अशा रचनेचं पेटंट घेतलं. हाही पूर्वी टेलिग्राफ ऑपरेटर होता, यालाही कमी ऐकू यायचं. त्या रचनेला आज कोअॅक्सिअल म्हणतात. टीव्हीची केबल त्याच घराण्यातली. आपली साधी आरसीए केबलही तशीच: मधे एक तार, भोवती जाळी. जाळी बाहेरचा उपद्रव अडवते आणि परतीची वाटही तीच असते.

अनबॅलन्स्ड केबलचा कच्चा दुवा नेमका हाच. परतीची वाट आणि जमीन एकच झाली, म्हणजे १८७७ चीच अडचण.

समजा अँप्लिफायर एका प्लगवर आहे आणि कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर. दोघांनाही अर्थिंग आहे. दोन्ही ठिकाणचं अर्थिंग अगदी सारखं नसतं, त्यामुळे आरसीए केबलच्या जाळीतून थोडीशी वीज वाहू लागते. ती गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळते आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो आवाज खर्जातला असतो. याला ग्राऊंड लूप म्हणतात.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलसाठी दोन तारा वेगळ्या आणि जाळी वेगळी. पुढचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा घेतं. घूं दोन्हींवर सारखंच आलेलं असतं, ते बरंचसं जागीच मरतं.

किती मरतं हे ज्या एककात मोजतात, त्यातही बेलच आहे. डेसिबल. १९२० च्या दशकात टेलिफोन इंजिनिअरांनी त्याच्या नावावरून हे एकक ठरवलं. एखाद्या अँप्लिफायरच्या माहितीपत्रकात सीएमआरआर ६० डेसिबल असं लिहिलेलं असेल, तर दोन्ही तारांवर सारखा आलेला उपद्रव व्होल्टेजच्या हिशेबात हजारपट दाबला जातो. पण दोन्ही बाजूंचा तोल नीट सांभाळलेला असेल तरच.

मग घरी काय घ्यायचं? टेलिफोन कंपन्यांनी जो हिशेब केला तोच.

अंतर किती आणि शेजार कसा, एवढंच बघायचं. प्लेअर आणि अँप्लिफायर एकाच रॅकमध्ये, मधे मीटरभर केबल आणि आवाज स्वच्छ असेल तर आरसीए पुरेशी आहे. तिथे बॅलन्स्ड लावून गाणं जास्त गोड होत नाही. केबल पाच-सात मीटर लांब न्यायची असेल, स्पीकरमध्येच अँप्लिफायर असेल, कॉम्प्युटर जोडायचा असेल किंवा घूं येतच असेल, तर बॅलन्स्डचे पैसे वसूल होतात.

पण दोन्ही यंत्रांना बॅलन्स्ड सॉकेट हवेत. आरसीएला एक्सएलआरचं टोक लावून केबल बॅलन्स्ड होत नाही. दुसरी तार तिथे जमिनीलाच जोडलेली असते.

दुकानात ऐकतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक यंत्रांत एक्सएलआरमधून सिग्नल दुप्पट व्होल्टेजचा, म्हणजे ६ डेसिबल जास्त येतो. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. दोन्हीकडचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी.

आणि नवी केबल घ्यायच्या आधी फुकटचा उपाय करून बघावा. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावायची. बऱ्याचदा घूं तिथेच थांबतं. नाहीच थांबलं तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. आवाज जाईल, पण जीवही जाऊ शकतो.

बेलच्या आयुष्याचा तोल मात्र सगळीकडे असा साधला नाही. कर्णबधिर मुलांनी हातांची भाषा सोडून ओठ वाचावेत आणि बोलावं, यावर तो अडून बसला. त्यातून अनेक शाळांत खुणांच्या भाषेवर गदा आली. त्याबद्दल कर्णबधिर समाजात त्याच्यावर आजही टीका होते. दुसऱ्या बाजूला हेलन केलरला शिक्षकापर्यंत पोहोचवण्यात त्याचा हात होता आणि तिने आपलं आत्मचरित्र त्यालाच अर्पण केलं.

रेकॉर्डवर गाणी ऐकणाऱ्यांवरही त्याचं ऋण आहे. त्याच्याच वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि टेंटर यांनी मेणावर आवाज कोरणारा ग्राफोफोन तयार केला. गिटार आणि मोठ्या हेडफोनला असतो तो पाव इंची जॅकही टेलिफोन एक्सचेंजमधूनच आला. ऑपरेटर दोन गिऱ्हाईकं जोडायला तो वापरायचे. त्यातल्या टोक, कडं आणि नळी अशा तीन भागांच्या प्रकारावर आजही बॅलन्स्ड सिग्नल जातो.

म्हातारपणी बेल कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या बॅडेक इथे रमला. विमानं, पतंग, पाण्यावर धावणाऱ्या वेगवान बोटी, असे उद्योग चालू होते. गंमत म्हणजे आपल्या अभ्यासिकेत त्याने टेलिफोन ठेवू दिला नाही. कामात व्यत्यय नको, हे कारण.

२ ऑगस्ट १९२२ रोजी तो तिथेच वारला. ४ ऑगस्टला त्याला दफन केलं तेव्हा उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. लाखो तारांवर एकाच वेळी शांतता पसरली, बोलणं नाही आणि खरखरही नाही.